आडवाटेचं शेवटचं भाषण

नकल्याने संहितेचं शेवटचं पान खिडकीच्या काचेला टेकवून धरलं. निळ्या पेन्सिलीने खोडलेलं वाक्य उजेडासमोर धरलं की वाचता येतं, ही युक्ती त्याला बावीस वर्षांच्या सरावाने जमली होती. आज मात्र युक्ती चालली नाही. रेघा वाकड्यातिकड्या होत्या, एकीवर दुसरी चढलेली, आणि दोन ठिकाणी कागद फाटेपर्यंत ओढलेल्या. दोन पानांच्या भाषणातले सहा शब्द तेवढे सुटले होते.

ये. बस. मी आहे. घाई नाही.

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते हे," नकल्या म्हणाला.

लेखिका टेबलामागे बसून दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर काही खुणा करत होती. मालिका तीच लिहायची आणि तीच बसवायची. वयाने ती नकल्याच्या मुलीएवढी, पण मुलीसारखी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"काका, महिना नाही झाला थोरल्यांना जाऊन."

"म्हणून तर म्हणतोय. जाता जाता एवढं काम मात्र नीट करून गेले."

त्याने पान टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसला.

पांथस्थ या नावाची श्रुतिका ऐकत पंचवीस वर्षं लोक रात्रीचे जेवले होते. दीपगृहात बसून काळातून फिरणारा, कमी बोलणारा, प्रत्येक युगात कुणाला तरी वाचवून निघून जाणारा असा तो पांथस्थ. त्याचा आवाज ज्यांचा, त्यांना स्टुडिओत सगळे थोरले म्हणत. त्या आवाजासाठी लोक घड्याळं लावत. नकल्या तेव्हा त्याच श्रुतिकेत दारं, कुत्री, गर्दी आणि मरणारे शिपाई करायचा. एकाच भागात आपण चार वेळा मेलो होतो असं तो अजून सांगायचा, आणि चारही मरणं वेगवेगळी होती असं वर ठासून सांगायचा.

पांथस्थाला दहा वर्षं झाली तेव्हा समारंभ झाला. त्यात कुणीतरी नकल्याला पुढे ढकललं आणि त्याने थोरल्यांसमोरच थोरल्यांची नक्कल केली. ते जे हळू बोलायचे ते त्याने अतिहळू केलं, जिथे श्वास घ्यायचे तिथे त्याने भाता फुंकला, आणि एकेक अक्षर ताणून, फुगवून, लोकांपुढे मांडलं. सभागृह हसून लोळलं. थोरले उठले आणि सावकाश चालत बाहेर गेले. त्यानंतर दोघं समोरासमोर कधी आले नाहीत.

कंपनीला मात्र त्या हशात धंदा दिसला. पांथस्थाच्या श्रुतिकेला एक पिल्लू मालिका फुटली आणि तिचा नायक ठरला आडवाटे. हा आडवाटेही काळातून फिरायचा, पण दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या एका लिफ्टमधून. पांथस्थाचे सगळे पराक्रम खरं तर आपलेच, असं तो शपथेवर सांगायचा. शिवाय आपण एका स्वस्तातल्या श्रुतिकेत आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं. "घाबरू नका, दुसऱ्याच मिनिटाला मला कोण मारतंय?" असं तो ऐकणाऱ्यांना बजावायचा. पावलं वाजली की म्हणायचा, "ही माझी नव्हेत. शेजारी एक गृहस्थ वाळूच्या पेटीत बूट घालून उभे आहेत, फार कष्टाळू माणूस." रणगाडे आले की तो आधीच सांगून टाकायचा की हा पत्र्याचा डबा आहे. लोकांना हे आवडलं. थोरल्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. प्रत्येक संहिता आधी त्यांच्या घरी जायची, आणि त्यांनी जे खोडलं ते खोडलं.

पहिली पंधरा वर्षं निळी रेघ क्वचित दिसायची. मग थोरल्यांनी काम सोडलं, घसा बिघडला असं वर्तमानपत्रांत आलं, आणि तिथून पुढे रेघांना ऊत आला. स्वतःला काम उरलं नाही म्हणून म्हातारा माझं कापतोय, असं नकल्याने मनाशी ठरवून टाकलं. बरं, कापायलाही काही ताळतंत्र नव्हतं. थोरल्यांची उघड टवाळी करणारं वाक्य जसंच्या तसं परत यायचं आणि 'खिडकीतून स्वच्छ प्रकाश पडला होता' यावर काट. स्वच्छ प्रकाशात अपमान कसला होता हे नकल्याला आणि लेखिकेला कधीच उमगलं नाही. सूड घ्यायचा म्हणून दोघांनी मिळून आडवाटेच्या तोंडी एक नवं वाक्य घातलं. जिथे जिथे काट पडेल तिथे तो थबकायचा आणि म्हणायचा, "इथे माझं एक छान वाक्य होतं. कुणीतरी नेलं." हे वाक्य थोरल्यांनी एकदाही खोडलं नाही. त्याचंही नकल्याला वाईटच वाटलं, कारण ज्याला टोचावं त्याने निदान ओय तरी म्हणावं.

आता मालिकाच संपत होती. पांथस्थ कधीच संपला होता, आता थोरलेही गेले, मग त्याचं पिल्लू कुठवर पोसणार. शेवटच्या भागात लेखिकेने दोघांची गाठ घातली होती. दीपगृहाचा दिवा विझलेला आहे, थकलेला पांथस्थ चालत येतो आणि आडवाटेच्या लिफ्टमध्ये शिरतो. त्याला एकही वाक्य नव्हतं, नुसती पावलं. बोलायचं ते आडवाटेने, दोन पानं. संहिता थोरले असतानाच त्यांच्या घरी गेली होती आणि ते गेल्यावर तीन आठवड्यांनी परत आली होती.

ते भाषण नकल्याला पाठ होतं. "मी दुसरा आहे हे मला पहिल्या पानापासून ठाऊक होतं," असं आडवाटे त्यात सांगायचा. "तुम्ही हसलात म्हणून मी झालो. तुमचं हसणं थांबलं की हे दार दोन मजल्यांच्या मधे उघडेल, आणि मी कुठल्याच मजल्यावरचा नसेन. पण एक विचारतो. इतकी वर्षं ज्याच्यासारखं बोललो तो मी नव्हे, हे कबूल. मग बोलत होता तो कोण?" विनोद एकही नव्हता. आणि कडेला लेखिकेने सूचना लिहिली होती, 'इथे नक्कल नको. स्वतःच्या आवाजात.'

त्या सूचनेने त्याची झोप उडवली होती. बायको होती तेव्हा म्हणायची, घरात तरी आपल्या आवाजात बोलत जा. तो विचारायचा, तो कुठला? ती हसून भाजी चिरायला लागायची. आता विचारायला ती नव्हती. तीन आठवडे तो आरशासमोर बसला. पहिला आठवडा तर प्रत्येक वाक्य थोरल्यांच्याच चालीवर जायचं. मग एके दिवशी सकाळी, दात घासून झाल्यावर, काहीतरी पातळ, जरासं फाटलेलं, त्याच्या वडिलांच्या खोकल्याच्या जवळचं असं गळ्यातून निघालं आणि तो घाबरून गप्प बसला. हाच असावा. चौसष्टाव्या वर्षी सापडला होता आणि तो ऐकवायला जगात दोनच पानं होती. ती पानं आता निळी झाली होती.

"वहिनींना फोन केलाय मी," लेखिका म्हणाली. "करारात थोरल्यांच्या मागे अधिकार त्यांच्या पत्नीकडे जातो. त्या हो म्हणाल्या तर आहे तसं घेऊ."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"मग सहा शब्द."

वहिनी तीन वाजता आल्या. एकट्याच, हातात कापडी पिशवी, पायांत चालून झिजलेल्या चपला. इतकी वर्षं नवऱ्याचा आवाज या इमारतीतून घराघरांत जायचा, पण त्यांनी स्टुडिओ आत येऊन कधी पाहिला नव्हता. वाळूची पेटी दिसली तेव्हा त्या वाकून बघायला लागल्या. इथेच ते दूरदूरचं वाळवंट का, असं त्यांनी विचारलं आणि ध्वनिमुद्रकाने, जो सहसा कुणाशी बोलत नसे, त्यांना हाताने वाळू चाळून दाखवली.

नकल्याने खुर्ची पुढे केली. बोलणं कसं सुरू करायचं हे त्याने ठरवून ठेवलं होतं, पण त्यांनीच आधी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या,

"तुम्ही भाऊजी ना? मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

भाऊजी हा शब्द ऐकून तो गडबडला. ठरवलेलं सगळं विसरला आणि भिकाऱ्यासारखं मागून मोकळा झाला. आजवर जे खोडलं त्याबद्दल आपण चकार शब्द काढला नाही, पुढेही काढणार नाही, फक्त एवढं एक भाषण राहू द्यावं. यानंतर आपल्याला बोलायला काही नाही. एवढं बोलून झालं की आपण घरी जाऊन गप्प बसायला तयार आहोत.

वहिनींनी पानं घेतली, निळ्या रेघांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"ठेवा की सगळं. आता काय."

इतकंच. लेखिकेने सुटकेचा श्वास टाकला आणि मूळ प्रत काढायला कपाटाकडे गेली. नकल्याला हवं ते मिळालं होतं. शहाणा माणूस असता तर तिथेच थांबला असता. पण बावीस वर्षांचं साचलेलं होतं, आणि ते असं चुटकीसरशी मिटलेलं त्याला सोसलं नाही.

"एक विचारू, वहिनी? एवढा राग होता का त्यांचा माझ्यावर?"

"राग?" त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. "कशाबद्दल?"

त्याने फाटलेला कागद बोटाने दाखवला.

त्यांनी जरा वेळ तिकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तो डावा हात आहे, भाऊजी. उजवा चालत नव्हता ना."

मग त्यांनी सांगितलं. घसाबिसा काही बिघडला नव्हता. सात वर्षांपूर्वी एका सकाळी ते चहा घेता घेता एका अंगावर कलले, आणि दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेली. आवाजावर जगलेला माणूस बोलू शकत नाही हे बाहेर कळू द्यायचं नाही, हे त्यांनी पाटीवर डाव्या हाताने लिहून दिलं. ते वहिनींनी पाळलं, मुलांनीही पाळलं. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी यायच्या. त्या म्हणाल्या, ओळखीचा आवाज लावा आणि सोबत म्हणायला सांगा. घरात पांथस्थाचे सगळे भाग होतेच. ते लावले की थोरले भिंतीकडे तोंड करून रडायचे. तीन दिवस पाहिलं आणि बंद केलं.

"मग मुलीने तुमचा आडवाटे लावला," वहिनी म्हणाल्या. "हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. आणि तुम्ही ते एकेक अक्षर मोठं करून, ताणून म्हणता ना, त्यांची टर उडवायला? ते त्यांना धरता यायचं. स्वतःचं नाही धरता यायचं, फार बारीक बोलायचे ते. तुमचं यायचं."

नकल्याने ते फाटलेलं पान आपल्याकडे ओढलं.

रोज सकाळी दहाला आम्ही दोघं बसायचो, त्या सांगत राहिल्या. कॅसेट लावायची आणि तुमच्या सोबत म्हणायचं. एका वर्षाने वाक्यं येऊ लागली. नवी संहिता आली की आधी आम्ही ती मोठ्याने वाचून बघायचो. जोडाक्षर आलं की जीभ अडायची, लांब वाक्याला दम पुरायचा नाही. मग तो भाग लावला म्हणजे तुम्ही पुढे निघून जाणार आणि हे मागे राहणार. तसं झालं की फार चिडायचे, आणि आदल्या दिवसापर्यंत येत असलेलंही जायचं. म्हणून जे म्हणता येत नाही त्यावर रेघ मारायचे, म्हणजे दोघांचं सोबत होईल.

"ते एक होतं ना तुमचं, इथे माझं छान वाक्य होतं, कुणीतरी नेलं? ते फार आवडायचं त्यांना. भाजीत मीठ कमी पडलं तरी तेच म्हणायचे." त्या हसल्या आणि पदराने डोळ्यांचा कोपरा टिपला. "गेल्या वर्षी दुसरा झटका आला. मग कमी कमी होत गेलं. हे आलं तेव्हा दोन दिवस लागले आम्हाला. शेवटी एवढं येत होतं त्यांना, हे सहा. ते मात्र नीट यायचे. तुमचं नुकसान झालं असेल ना, भाऊजी? मला कधी सुचलंच नाही की तुम्हाला असं काही वाटत असेल."

"नाही," नकल्या म्हणाला. "नुकसान कसलं."

लेखिका मूळ प्रत घेऊन कपाटाजवळच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पुढे येऊन तिने स्वच्छ पानं त्याच्या हातात दिली आणि काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसली. वहिनींना तिने शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं.

नकल्या आत गेला, दार लावलं, माइकसमोर उभा राहिला. पानं त्याने स्टँडवर ठेवली. वाईट वाटत होतं, फार वाईट, आणि ते थोरल्यांसाठी होतं की स्वतःसाठी हे त्याला नीट सांगता आलं नसतं. सात वर्षं रोज सकाळी दहाला कुणीतरी आपल्या आवाजात आपला आवाज मिसळत होतं आणि आपण इथे बसून त्याला शिव्या देत होतो. बरं, समजा हे ठाऊक असतं, तर आपण काय केलं असतं? सोपं बोललो असतो. ते तर तसंही बोललोच.

काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाने बोट वर केलं. वाळूतली पावलं आधी घेऊन ठेवलेली होती, ती कानात वाजली. कुणीतरी दमून चालत येत होतं. पावलं थांबली.

पाठ होतं सगळं. मी दुसरा आहे हे मला पहिल्या पानापासून. तोंड उघडलं की आलं असतं. नकल्याने तोंड उघडलं.

"ये," तो म्हणाला. "बस."

पुढे तो थांबला. दोन पानांचं भाषण त्याच्या डोक्यातून ओळीने जात राहिलं आणि त्याने ते जाऊ दिलं. काचेमागे लेखिकेने हातातली पेन्सिल खाली ठेवली. ध्वनिमुद्रकाने तिच्याकडे पाहिलं, थांबवू का म्हणून, आणि तिने नकारार्थी मान हलवली. बराच वेळ गेला.

"मी आहे. घाई नाही."

आवाज पातळ होता, जरा फाटलेला. तो थोरल्यांचा नव्हता, आडवाटेचाही नव्हता. ऐकणाऱ्यांना वाटलं असतं की कुणी नवीन माणूस घेतलाय.

"झालं," ध्वनिमुद्रक म्हणाला. "छान आलंय, काका. मधली शांतता कापायची का?"

"नको. असू दे."

लेखिका डोळे पुसत होती. तिच्या शेजारी वहिनी पुढे झुकून बसल्या होत्या, दोन्ही हात टेबलावर. ध्वनिमुद्रकाने ज्या बटणावरून नकल्याशी बोलायचं ते त्यांनी पाहून ठेवलं असावं. त्यांनी ते बोटाने दाबलं आणि गरजेपेक्षा जास्त वेळ दाबून धरलं, त्यामुळे आधी त्यांचा श्वासच ऐकू आला.

"पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या. रोजचं, सवयीचं, न रागावता म्हणायचं तसं.

नकल्याने मान डोलावली आणि पुन्हा म्हटलं. 'बस' जरा घाईत गेलं, ते त्यालाही कळलं.

"अजून एकदा. सावकाश."

ध्वनिमुद्रकाने तोवर यंत्र बंद केलं होतं. त्याच्या हिशेबी काम झालेलं होतं, तो तारा गुंडाळायला उठलाही होता. नकल्याला काचेतून ते दिसत होतं. त्याने माइकजवळ तोंड नेलं, श्वास घेतला, आणि सावकाश, एकेक अक्षर मोठं करून, कुणालाही सोबत म्हणता येईल असं म्हटलं.